कोरी बाजू आपली

बाबा,

तुम्ही ऑफिसातून आणायचात ते पाठकोरे कागद तुम्हाला नक्की आठवत असतील. एका बाजूने छापलेले, दुसऱ्या बाजूने कोरे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यापासून मला त्या कागदांची पुन्हा भीती वाटायला लागली आहे. मी मुळातच भित्री, हे तुम्हाला सांगायला नको. "हे पोरगी दूध उतू जायच्या भेवानं गॅसच बंद करते, अन् मंग आपल्याले कच्चा चहा पाजते," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. अजून तशीच आहे. पॉलिटेक्निकमध्ये बारा वर्षं कॉम्प्युटर शिकवते, तरी रोज वर्गात शिरताना वाटतं, की आज कोणी असं काही विचारेल जे मला येत नसेल. पण ही भीती त्यातली नाही. हिच्यात तुम्ही आहात, तुमची सही आहे, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

तुमच्या कंपनीने सदर भागातलं ऑफिस गुंडाळलं तेव्हा साहेबांनी तुम्हाला एक जुना कॉम्प्युटर दिला होता. तुम्ही तो रिक्षातून मांडीवर घेऊन आलात, आणि उतरताना रिक्षावाल्याला हातसुद्धा लावू दिला नाहीत. त्याच्या सिस्टीमसोबत नमुन्याची एक धून आलेली होती. दीड मिनिटाची, संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी. बासरी म्हणायची तिला, पण खरं तर पिपाणीच. संध्याकाळचा चहा झाला की तुम्ही म्हणायचात, "लाव ना वं थे बासरी." आणि डोळे मिटून, गुडघ्यावर बोटं वाजवत तीन-चार फेऱ्या ऐकायचात. तो कॉम्प्युटर तुमच्या आधी दोन वर्षं गेला. धुनीची फाइल तेवढी मी जपून ठेवली होती. या उन्हाळ्यात एकदा दुपारी कूलरसमोर बसल्या बसल्या आई म्हणाली, "तुह्या या नव्या डब्यात बाबाची बासरी वाजत नाही काय वं?"

जगभरातले काही हौशी लोक ती जुनी सिस्टीम पहिल्यापासून नव्याने लिहीत आहेत. कोणी सांगितलेलं नाही, कोणी नेमलेलं नाही. ज्यांचे जुने प्रोग्राम, जुनी गाणी आताच्या मशीनवर चालत नाहीत त्यांच्यासाठी हा खटाटोप. मी त्यांची सिस्टीम उतरवून घेतली आणि तुमची फाइल लावली. बासरी वाजली! आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. पण धून फिरून पहिल्या सुरावर आली तेव्हा शेवटचा सूर सुटलाच नाही. तो तसाच मागे धरलेला राहिला, त्याच्यावर पुढची फेरी सुरू झाली, मग दुसरा सूर अडकला. आई दचकून म्हणाली, "हे मांगं कोन रडून राह्यलं?" मी बंद केलं.

मी त्या लोकांना कळवलं की त्यांच्या सिस्टीमवर सूर अडकतो. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं. कुठल्याशा थंडीच्या देशात राहतात, माझ्या इंग्रजीला हसत नाहीत. म्हणाले, संगीताच्या भागाला सध्या कोणीच वाली नाही, तुम्ही शिकवता तर तुम्हीच बघा ना. मात्र आधी एका प्रश्नाचं उत्तर लागेल. ती सिस्टीम बनवणाऱ्या मूळ बड्या कंपनीच्या माणसांनी लिहिलेला कोड, म्हणजे त्या प्रोग्रामचा आतला मजकूर, तुम्ही कधी पाहिला आहे का? पाहिला असेल तर या भागाला हात लावता येणार नाही. मी 'नाही' लिहिलं. इतक्या पटकन लिहिलं की आता त्या पटकनपणाचीच भीती वाटते.

हा नियम तुम्हाला समजावायला मला आईचं स्वयंपाकघर पुरेल. शेजारच्या काकूंचा पाटवडीचा रस्सा आठवतो? काकू कृती सांगायच्या नाहीत, मसाला भाजताना दार लोटून घ्यायच्या. आईने कधी डोकावून पाहिलं नाही. वाटीभर रस्सा यायचा, आई बोट बुडवून चाखायची, मान हलवायची, आणि घरी करून बघायची. कधी खसखस जास्त, कधी खोबरं करपलेलं. सहा-सात महिन्यांनी असा रस्सा झाला की तुम्ही म्हणालात, "काकूकडून आला काय?" आमचं काम हेच. मूळ प्रोग्रामला बाहेरून काहीतरी द्यायचं, तो काय करतो ते मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि तसंच वागणारं आपलं आपण लिहायचं. दार लोटलेलंच ठेवायचं. कारण एकाने जरी आत डोकावून लिहिलं, तर सगळ्यांच्या कित्येक वर्षांच्या कामावर चोरीचा शिक्का बसू शकतो.

सुरुवातीचे दिवस भीतीतच गेले. मी पहाटे उठून कॉलेजच्या आधी दोन तास बसायची. पहिला बदल पाठवला आणि पाठवल्याबरोबर दिसलं की भलतीच फाइल गेली आहे, तिच्यात माझी आठवड्याच्या भाजीची यादीसुद्धा होती. सगळ्या जगासमोर वांगी, पालक, सांबाराच्या दोन जुड्या. त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं की हे कोणत्या भागासाठी आहे. मी दोन दिवस कॉम्प्युटर उघडला नाही. मग पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला, ओळींमधल्या जागा चुकल्या होत्या. चौथ्या वेळी एक ओळ घेतली त्यांनी, बाबा. एकच ओळ! मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "एका ओळीसाठी येवढी नाचून राहिली?" पण तिने त्या दिवशी शिरा केला.

हळूहळू जमायला लागलं. या फाइलींमध्ये आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात: बासरी घ्या, हा सूर धरा, सोडा. धून फिरून पहिल्यावर येते तेव्हा 'सोडा' ही शेवटची सूचना हरवत होती, म्हणून ते रडणं. मूळ प्रोग्राम धून फिरताना अगदी पापणी लवेल एवढा थांबतो आणि धरून ठेवलेले सूर सोडून देतो, हे मी मोजून काढलं. तसं लिहिलं. लावून पाहिलं, आणि बासरी स्वच्छ वाजली. तीन फेऱ्या, चार फेऱ्या, कोणी रडत नव्हतं. आईला उठवायला गेले नाही, म्हटलं आधी पाठवून तर देऊ. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचं उत्तर आलं. कामाचं कौतुक होतं आणि शेवटी एक साधा प्रश्न होता: "थांबण्याचा वेळ तुम्ही एका सेकंदाचे एकशे सत्तेचाळीस हजारांश लिहिला आहे. हा आकडा कुठून आला? याची चाचणी मला तुमच्या नोंदींत दिसत नाही."

मी माझ्या सगळ्या नोंदी उलट्यापालट्या केल्या. तो थांबतो, एवढंच मी मोजलं होतं. किती थांबतो, हे मोजलंच नव्हतं. आकडा मी असाच लिहून टाकला होता, घरचा पत्ता लिहावा तसा. मग घाईघाईने कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवर मूळ प्रोग्राम लावला आणि तो वेळ मोजला. दहा वेळा मोजला. दहाही वेळा एकशे सत्तेचाळीस. अंदाजाने लिहिणारा शंभर लिहील, दीडशे लिहील. एकशे सत्तेचाळीस कोण लिहील? तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, मला तुमचे कागद आठवले.

तुम्ही आवक-जावक सांभाळायचात. कंपनी लहानशी, लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी गाण्याशिवाय नुसतं संगीत वाजवणारा प्रोग्राम बनवायची. वाया गेलेल्या छपाईचे कागद साहेबांना विचारून तुम्ही घरी आणायचात, आणि आई ते स्वयंपाकघरात बसून दाभणाने शिवून माझ्या कच्च्या वह्या करायची. पहिल्याच वहीवर तुम्ही बोट ठेवून सांगितलंत, "छापेल बाजू कंपनीची, कोरी बाजू आपली. त्याईच्या बाजूले पाहाचं नाही." का पाहायचं नाही, हे तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला दुसऱ्याच्या टेबलावरचं पत्रसुद्धा डोळ्यांना चुकून दिसलं तर अपराधी वाटायचं, एवढंच ते होतं. एकदा मी गणित सोडून मागची बाजू वाचताना सापडले तर तुम्ही वही मिटून ठेवलीत आणि माझ्याशी दिवसभर बोलला नाहीत. आणि मी काय केलं? नववीची सगळी उन्हाळ्याची सुटी, तुम्ही ऑफिसात गेलात की वह्या उलट्या करून वाचत बसले. काही कळायचं नाही, मग थोडं कळायला लागलं. कॉलेजात सगळ्यांना वाटायचं ही हुशार आहे. मला प्रोग्राम लिहायला कॉलेजने नाही शिकवलं, त्या छापील बाजूने शिकवलं.

मग ती दुपार. तुम्ही दोन वाजताच घरी आलात, चेहरा पांढरा. ऑफिसातल्या एका इंजिनिअरने त्या बड्या कंपनीचा बाहेर फुटलेला कोड कुठून तरी मिळवला होता, त्यातला संगीताचा भाग छापला होता, तेच वाया गेलेले कागद आपल्या घरी आले होते, आणि हे साहेबांना आता कळलं होतं. हे कागद कुठे सापडले तर ऑफिसला टाळं लागेल, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. तुम्ही न्हाणीघरातला बंब पेटवलात. "भर दुपारी बंब कायले?" असं आईने विचारलं. तुम्ही वह्या मोजल्या. सहा. आईने सात शिवल्या होत्या.

"सातवी कुठी आहे?"

"पावसात भिजली होती, बाबा. आईने फेकली."

आई ओट्यापाशी कणीक मळत होती. ती मळत राहिली. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात.

"छापेल बाजू वाचली काय तू? खरं सांग. मले साहेबाले लिहून द्याचं आहे."

"नाही."

"एकही पान?"

"नाही, बाबा."

"बस. मंग मी सही करतो. तुह्या शब्दावर करतो."

आणि माझ्यासमोरच तुम्ही लिहिलंत, तुमच्या त्या सुबक जावक-अक्षरात: घरी नेलेले सर्व कागद नष्ट केले आहेत, घरातील कोणीही ते वाचलेले नाहीत. खाली सही, तारीख. त्या बंबाच्या पाण्याने संध्याकाळी मी आंघोळ केली.

सातवी वही गव्हाच्या कोठीत होती, मीच खुपसली होती. दोन दिवसांनी हात घालून पाहिलं तर नव्हती. तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत, म्हणजे किती वर्षं बघा, मी धरून चालले की ती तुम्हाला सापडली. तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही बोलत नाही. जेवताना तुम्ही नुसती माझ्याकडे मान वर केलीत की मी ताटात पाहायला लागायची. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तू कवा खोटं नाही बोलली माह्यासंगं." मला वाटलं हा टोमणा आहे. मला वाटलं जाता जाता तुम्ही मला सांगत आहात की तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी हात सोडवून घेतला आणि पाणी आणायला गेले.

गेल्या रविवारी सकाळी आईला विचारलं, की माझ्या त्या कच्च्या वह्यांतलं काही घरात उरलं आहे का. तिने कारण विचारलं नाही. दिवाणाचं झाकण उचललं, गोधड्यांच्या तळातून एक पिशवी काढली, आणि पिशवीतून सातवी वही.

"गव्हातून मीच काढली होती," ती म्हणाली. "दळण काढाले गेली त हातात आली."

"बाबांना सांगितलं नाहीस?"

"त्याईनं सही करून टाकली होती. मंग सांगून त्याईले खोटं कायले पाडू वं? जाळाले बी हात धजला नाही, तुह्या अक्षरातलं गनित होतं त्यात."

मला तिच्यासमोर रडता येईना. वही समोर होती आणि मला तिला हात लावायची हिंमत नव्हती. बघा ना कशी गंमत आहे: तो आकडा तिथून आला का हे कळायला वही उघडायला हवी, आणि उघडून पाहिली की मी 'पाहिलेली' ठरणार, मग आकडा असो की नसो. शेवटी मी एका चिठ्ठीवर १४७ इंग्रजी आकड्यांत लिहिलं आणि आईच्या हातात दिलं. तिला इंग्रजी येत नाही, पण कॅलेंडर आणि फोन नंबर वाचून आकडे येतात. ती स्वयंपाकघरात खिडकीशी चष्मा लावून बसली. मी बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. पानं उलटायचा आवाज येत होता.

"अवं, एक सात चार आहे. हे चालते काय?"

"सांगू नको! नुसतं हो की नाही सांग."

"बाप्पा, येवढी कायले भेऊन राहिली?"

पाऊण तास लागला. मग ती दाराशी येऊन म्हणाली, "नाही वं. कुठीच नाही."

म्हणजे मी सुटले होते, बाबा. त्या गृहस्थांना मोजमापाची चाचणी पाठवली असती, ही घ्या, राहून गेली होती, असं म्हटलं असतं, तर कोणी दुसरा प्रश्न केला नसता. चाचणी खरी होती. वहीत आकडा नव्हता. फक्त सहा वह्या बंबात गेल्या होत्या, आणि त्या सहाही मी वाचल्या होत्या, हे एकट्या मला माहीत होतं. तो आकडा नेमका कुठून आला हे आता कधीच कळणार नाही. मी दोन दिवस ती चाचणी पाठवायच्या तयारीत बसले होते, हेही लिहून ठेवते. मला थोरपणा वगैरे नको आहे. मी खरं लिहिलं ते भीतीनेच, कारण तुम्हाला 'नाही' सांगून पुढे काय होतं ते मी एकदा भोगलं आहे.

बुधवारी सकाळी त्या गृहस्थांना पाच ओळी लिहिल्या: लहानपणी त्या प्रोग्रामचा फुटलेला कोड मी वाचला आहे, तुमच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं, माझं या भागातलं सगळं काम काढून टाका. दोन दिवस मेल उघडताना वाटायचं, की आता हे लोक मला काय काय म्हणतील. त्यांनी काहीच म्हटलं नाही. आभार मानले. माझी घेतलेली प्रत्येक ओळ, ती शिऱ्याची पहिली ओळसुद्धा, बाहेर काढली. ज्याने काही पाहिलेलं नाही असा कोणी मिळाला की तो पुन्हा लिहील, आणि मी त्याला एक अक्षरही सुचवायचं नाही. बाकी भाग मला खुले आहेत. छपाईच्या भागाला माणूस हवा आहे, असं त्यांनी लिहिलं. मला हसू आलं, मग नाही आलं.

"मंग बाबाची बासरी?" आईने विचारलं.

"करेल कोणीतरी दुसरं."

"कवा?"

"माहीत नाही, आई."

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "लाव तशीच. रडते त रडू दे." मी लावली. आम्ही दोघींनी पाच फेऱ्या ऐकल्या.

म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. दवाखान्यात तुम्ही टोमणा मारत नव्हता, तुम्ही खरंच तसं समजत होता, आणि मी हात सोडवून घेतला. हे कळल्यापासून मला पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटते, आणि कशाची ते धड सांगता येत नाही. टाळं लागायला ते ऑफिस आता नाही, ओरडायला साहेब नाहीत. पण कुठल्यातरी फायलीत तुमच्या अक्षरातलं ते वाक्य असेल, खाली तुमची सही असेल, आणि तुम्ही आयुष्यात सही करून लिहिलेलं एवढं एकच खोटं माझ्यामुळे आहे. परक्या माणसांना मी पाच ओळींत सांगू शकले. तुम्हाला सांगायला तुम्ही हवे होता.

हे पत्र मी सातव्या वहीतच लिहिते आहे, मागे राहिलेल्या पानांच्या कोऱ्या बाजूवर. लिहून झालं की वही पुन्हा पिशवीत घालून गोधड्यांखाली ठेवून देईन, आईला सांगून. त्या लोकांची मला आता पाहायला काही मनाई नाही, पाहिलेल्यांत माझं नाव लागून चुकलं. मनाई उरली ती तुमची. सुरुवात करताना ठरवलं होतं की निदान आज तुमचं ऐकायचं, पान उलटताना छापील बाजूकडे पाहायचं नाही. आतापर्यंत अकरा पानं उलटली. अकराही वेळा पाहिलं, बाबा.